एका दिवसात सोडाचं नाही

फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. इतक्या सकाळी भाऊजींचा फोन कधी येत नसे. त्या वेळी ते आणि ताई बालाघाटच्या घरामागे उन्हात बसलेले असायचे आणि फोन आत कुठेतरी उशीखाली पडलेला असायचा. "सुमन, ताई गेली तुही," एवढंच ते म्हणाले. मी विचारलं, कुठे गेली? माणूस अशा वेळी किती वेड्यासारखं विचारतं... मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. अंगाला तेल लावायला बसली होती, ती उठलीच नाही. गोंदियाहून बालाघाट फार लांब नाही, पण त्या दिवशी वाटेतलं राजेगावसुद्धा येता येईना. खिडकीबाहेर पळस मागे जात होते, अजून फुलले नव्हते, आणि मला सारखं वाटत होतं की मी झोपेत आहे, आता ताई येऊन माझ्या पायाचा अंगठा ओढेल. लहानपणी ती मला तशीच उठवायची. राजेगाव मागे पडलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की आता भाऊजींचं काय. जेवायचं कधी, झोपायचं कधी, हे गेली कित्येक वर्षं ज्याने बायकोच्या तोंडाकडे बघून ठरवलं, तो माणूस आता एकटा कसा राहणार?

आम्ही मूळच्या तिरोडीच्या. बाबा मँगनीजच्या खाणीत होते. ताईची छाती नाजूक, हिवाळा लागला की खोकल्याने तिला रात्र रात्र बसवून ठेवावं लागे. बाबांनी तिला बालाघाटच्या एका म्हाताऱ्या वैद्याकडे नेलं. त्याने औषध दिलं थोडं आणि जगायचं कसं ते सांगितलं जास्त. उजाडायच्या आधी उठायचं, उठल्यावर कोमट पाणी प्यायचं, थंडीत अंगाला तिळाचं तेल लावायचं, भूक लागल्याशिवाय जेवायचं नाही, दिवस मावळता मावळता रात्रीचं जेवण उरकायचं, रात्री दही नाही. औषधाच्या पुड्या महिन्याभरात संपल्या असतील, ते सांगणं मात्र ताईने आयुष्यभर वापरलं. पुढे तिचा खोकला गेला. तो तेलाने गेला, वयाने गेला की आम्ही खाणीजवळची चाळ सोडली म्हणून गेला, ते मला सांगता येणार नाही. ताईला मात्र शंका नव्हती, आणि मोठ्या बहिणीशी वाद घालून कोणाचं भलं झालंय?

त्या सकाळी आठवल्या की अजून अंग सैल पडतं. गरम पाण्याच्या पातेल्यात तेलाची वाटी ठेवलेली, ऊन नुकतंच भिंतीवरून खाली उतरलेलं, आणि ताईचा तळवा माझ्या पाठीवरून वरून खाली, वरून खाली... दूर खाणीचा भोंगा वाजायचा आणि मी बसल्या बसल्या पेंगायचे. तेलाचा वास, धुराचा वास, कुणाच्या तरी घरी भाकरी भाजल्याचा वास. त्या वेळी निरोगी राहणं वगैरे काही माझ्या डोक्यात नव्हतं. कुणीतरी आपल्याला सावकाश हात लावतंय, एवढंच कळत होतं. मला वाटतं, ताईचं सगळं शास्त्र माझ्यापुरतं तेवढंच होतं आणि ते मला पुरेसं होतं.

लग्न होऊन ती बालाघाटला गेली. भाऊजी जंगल खात्याच्या लाकूड डेपोत होते. दिवसभर चहा, रात्री दहाला जेवण आणि जेवलं की आडवं व्हायचं. ताईने त्यांना कधी उपदेश केला नाही. एक वर्ष ती रोज त्यांच्या जेवणाची वेळ थोडी थोडी अलीकडे ओढत राहिली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. जेवण झालं की "मले एकटीले भेव लागते, चला" म्हणून त्यांना फिरायला न्यायची. भीती कसली, ती वाघालाही बाजूला हो म्हणाली असती. भाऊजी मितभाषी. तिच्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं एकच उत्तर असे, "हौ."

एकदा मलाही हुरूप आला. उन्हाळा लागतोय, उद्यापासून चहा बंद, असं मी घरात जाहीर करून टाकलं. दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की कपाळाला फडकं बांधून बालाघाटला जाऊन ताईच्या खाटेवर पडले. ती हसून हसून बेजार झाली.

"काहून वं, कोनं सांगतलं तुले एका दिवसात सोड म्हनून?"

"तूच तर म्हन्ते ना, चहा कमी कर."

"कमी कर म्हनलं. कोनतीच गोष्ट एका दिवसात सोडाचं नाही. शरीर घाबरते."

मग तिने मला ऋतुसंधी समजावली. एक ऋतू सरतो आणि दुसरा लागतो, त्या मधल्या पंधरवड्यात माणूस जास्त आजारी पडतं, असं वैद्याने तिला सांगितलं होतं. म्हणून त्या दिवसांत जुनी सवय हळूहळू उतरवायची. आधी चौथा हिस्सा कमी, मग अर्धं, मग पाऊण, आणि तेवढं तेवढं नवं घ्यायचं. हिवाळ्याचा गूळ, तीळ, उडदाचे वडे तिच्या घरातून असेच पायरी पायरीने निघून जायचे. मी दोन दिवस पाऊण कप चहा प्यायले, तिसऱ्या दिवशी परत भरून घेतला. आजही तसाच घेते. भाऊजी तेव्हा दारात बसून सगळं ऐकत होते.

ताईच्या पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. बुद्धवंदना झाली, लोक जेवायला बसले, आणि एक दूरचे नातेवाईक वरण ओरपत म्हणाले, "एवढं पथ्य पाळून काय भेटलं? आपन तं सगळं खातो, काही होत नाही." माझ्या हातात बुंदीचं ताट होतं म्हणून ते वाचले. ताई दवाखान्यात जायची, बीपीची गोळीही घ्यायची, आणि आपण मरणार नाही असं ती कधीही म्हणाली नव्हती. तिला सकाळी उठल्यावर स्वतःचं अंग हलकं लागलेलं आवडायचं. तशा सकाळी तिला भरपूर मिळाल्या. खरं सांगायचं तर राग मला त्या नातेवाइकाचा नव्हता, तिचाच होता. सगळं हळूहळू सोड म्हणणारी बाई स्वतः मात्र एका सकाळीत निघून गेली.

तिचा मुलगा विकास पुण्याला असतो. त्याला त्याच आठवड्यात घराला कुलूप लावून वडिलांना घेऊन जायचं होतं. भाऊजी नाही म्हणाले आणि कारणही सांगेनात. विकास चिडून, रडून परत गेला. रोज मला फोन करायचा, बालाघाटच्या शाळेत शिकलेल्या हिंदीत. "मौसी, आप ही समझाओ. पापा को शुगर है, अकेले गिर-विर गए तो? मेरी तो सुनते ही नहीं." त्याचं काही चुकत नव्हतं. शेवटी चैत्र लागता लागता मी बालाघाटला गेले. वाटेत मोहाची फुलं गळत होती, सगळ्या हवेत तो गोड, गुंगी आणणारा वास होता. भाऊजी वाळले होते, पण घर लख्ख होतं. उजेड होता तेवढ्यात आम्ही वरण-भात जेवलो. मी पुण्याचा विषय काढला की ते अंगणातली पानं गोळा करायला उठायचे. मी ठरवलं, सकाळी सोडायचं नाही यांना.

सकाळी उठून मागे गेले तर भाऊजी ओट्यावर बसले होते. समोर कोमट पाण्याचे दोन पेले. त्यांचा भरलेला, आणि ताई बसायची तिथे दुसरा, अर्धाच.

"हे कोनाचं, भाऊजी?"

"तुह्या ताईचं."

"मंग अर्धंच काहून?"

शेजारच्या अंगणात कोणीतरी झाडत होतं. "पह्यले भरून ठेवत होतो," ते म्हणाले. "मंग चौथा हिस्सा कमी केला. आता अर्ध्यावर आलो. विकास म्हन्ते, आजच चला. जाईन ना मी, पावसाचं पानी लागाच्या आधी जाईन. पन तिले एका दिवसात कसं सोडू, सुमन?"

मी तिथेच खाली बसले आणि इतक्या आठवड्यांत रडले नव्हते तशी रडले. त्यांचं अर्ध्यावर आलं होतं आणि माझं अजून काहीच सुरू झालेलं नव्हतं. तो अर्धा पेला मला बघवेना. मी तांब्या उचलला आणि त्यात पाणी ओतायला गेले.

भाऊजींनी पेल्यावर हात ठेवला. मग उठून आत गेले, तिसरा पेला आणला आणि माझ्यासमोर ठेवला.

"ते माहं हाय," ते म्हणाले. "तू तुहं येगळं ठेव."

मी तो काठोकाठ भरला.