भाकरीवरचा तिरका उजेड

नवी पेठेतल्या एका फोटो स्टुडिओत मी सात वर्षं काम केलं. शेवटच्या वर्षी मागच्या गल्लीतल्या खानावळीत मी एका ताटाचा फोटो काढला. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दारातून आलेलं ऊन, एवढंच. स्टुडिओच्या मालकांनी तो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला आणि खाली स्वतःचं नाव टाकलं. मी विचारलं, तेव्हा मान वर न करता म्हणाले, "कॅमेरा माझा, दुकान माझं. मग फोटो कुणाचा?"

समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यातलं एक हसलं. ते हसू मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी काम सोडलं. घरी बसून डोक्यात एकच, या माणसाला त्याच्याच धंद्यात खाली बघायला लावायचं. त्यांची कच्ची बाजू कुठली ते मला ठाऊक होतं. नवरी असो की जेवणाचं ताट, ते दोन मोठे लाइट समोरूनच लावायचे. सगळं सपाट यायचं.

साठवलेल्या पैशांतून एक जुना कॅमेरा घेतला, पण फ्लॅश निवडायला मी तीन महिने घेतले. दुकानदार मोठे लाइट गळ्यात मारत होता, पण मला स्कूटीवर नेता येईल असं हवं होतं. शेवटी एक छोटा फ्लॅश घेतला, कॅमेऱ्यापासून लांब ठेवला तरी बटण दाबताच उडणारा. सोबत स्टँड आणि उजेड मऊ करणारी पांढरी छत्री. मग रोज ओट्यावर एक भाकरी मांडायची. फ्लॅश समोर असला की ती पुठ्ठ्यासारखी दिसायची. बाजूला, जरा मागे नेला की तिच्यावरचा एकेक फोड उठून यायचा. सासूबाई मात्र तसल्या उजेडात भांडायला निघाल्यासारख्या दिसायच्या. छत्रीतून उजेड सोडला, तेव्हा त्यांनी फोटो बघून पदर सारखा केला आणि आणखी एक काढ म्हणाल्या.

त्याच सुमारास खानावळीच्या काकूंनी नवा फलक करायचं ठरवलं. ताटाचा फोटो आणि त्यांचा स्वतःचा. मी त्यांना म्हटलं, मालकांनाही बोलवा.

"कशाला? तुमीच काढा की," काकू म्हणाल्या.

दोघांचे बघून ठरवा, एवढंच मी सांगितलं. खरं कारण सांगितलं नाही.

मालक आधी आले. दोन लाइट समोर लावले आणि दहा मिनिटांत मोकळे झाले. मग मी रश्श्याची वाटी काळ्या पडद्यापुढे ठेवली आणि फ्लॅश वाटीच्या मागे, एका कडेला लावला. तर्री चमकली, वाफ दिसली. काकूंना चुलीजवळ बसवून छत्री डावीकडे धरली. हे सगळं मी सावकाश केलं, मुद्दाम. मालक दारात उभे होते आणि ते जाऊ नयेत असं मला वाटत होतं.

काकूंनी दोघांचे फोटो पाहिले. मालकांच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यात मी रेशनकार्डावर हाय तशी दिसतीय." मालक लाइटच्या वायरी गुंडाळू लागले. खाली बघत.

फलक लागला, त्यावर माझं नाव. त्यांना दुकानात जाता-येता तो दिसतो. मला वाटलं होतं, एवढ्यानं मन भरेल.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. आवाज मऊ होता. म्हणाले, जेवणाच्या फोटोंची कामं येतायत, कुठला फ्लॅश घेऊ? मी म्हणाले, "आहेत त्याहून मोठे दोन घ्या. समोरूनच लावा. तुमच्या दुकानाला तेच शोभेल."

त्यांनी मनापासून आभार मानले आणि तसेच लाइट घेतले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. उजेडाविषयी मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन.