दोऱ्याने कापलेला साबण

माझ्या नणंदेने आजवर किती जणांना मारलं याचा हिशेब कुणाकडेच नाही. पण त्यात मी आहे, माझा नवरा आहे, दोन घरमालक आहेत आणि एक टपालवाला आहे. टपालवाल्याचा गुन्हा एवढाच, की त्याने सुकायला ठेवलेल्या साबणांवर पार्सल टेकवलं. काही माणसांचा राग नाकावर असतो. हिचा थेट हातात. आधी हात, मग बात. गल्ली तिला तोंडावर आत्या म्हणायची आणि पाठ फिरली की मुसळ. मी तिला वन्सं म्हणते आणि बोलताना अहो-जाहो करते. लिहिताना मात्र 'ती'च म्हणणार. वाचून मारायला आली तर येऊ दे.

तिच्या नवऱ्याने लग्नानंतर एकदाच तिच्यावर हात उचलला. दुसऱ्या दिवशी तो हात गळ्यात बांधून फिरत होता आणि ही ट्रंक घेऊन आमच्या दारात उभी होती. माझा नवरा तिचा धाकटा भाऊ. तो म्हणाला, "राहा ना ताई, घर तुझंच आहे." दुसरं काही म्हणायची त्याची छातीच नव्हती. मी तेव्हा नवी नवरी. या घरात सासू नाही, पोरगी सुखात राहील, असं म्हणून माहेरच्यांनी मला इथे दिली होती. घ्या सुख!

ती इस्पितळाच्या चादरी धुण्याच्या कामाला लागली. तिथल्या स्वस्त पावडरीने तिच्या हातांना भेगा पडल्या, बोटांच्या पेरांतून रक्त यायला लागलं. एक दिवस तिने पावडरीचं अख्खं पोतं मुकादमाच्या डोक्यावर उपडं केलं आणि घरी आली. मग मागच्या खोलीत स्वतःच साबण करायला बसली. पहिले कित्येक साबण असे झाले की त्यांनी भांडी घासली तर भांडी रुसली असती. पण हट्ट सोडेल तर ती वन्सं कसली! हळूहळू तिचा हात बसला. अंगाचा साबण, कपड्यांचा साबण, फुटलेल्या ओठांना मेणाचं मलम, लिंबाच्या साली व्हिनेगरमध्ये मुरवून केलेलं फरशीचं पाणी. गल्ली तिचा मार खायची आणि तिच्याच साबणाने अंग धुवायची.

कामाच्या वेळी मात्र ती दुसरीच बाई व्हायची. एकाग्र, शांत. कॉस्टिक सोडा पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर कधी ओतायचं नाही, नाहीतर सगळं उसळून तोंडावर येतं, हे तिने मला पहिल्याच दिवशी शिकवलं, अर्थात पाठीत एक धपाटा घालून. मग ते पाणी निवलं की तेलात सोडायचं आणि लाकडी दांड्याने ढवळत बसायचं, दांडा उचलल्यावर वर रेघ राहीपर्यंत. ते साच्यात ओतायचं. दुसऱ्या दिवशी लादी घट्ट झाली की ती शिवणाच्या जाड दोऱ्याने वड्या कापायची. सुरीने वडी चेपते म्हणे. दोरा खालून बाहेर येताना प्रत्येक वडीच्या कडेला एक बारीकशी शेपटी सोडायचा. ती शेपटी वन्संनी कधी खरवडली नाही, आणि मला खरवडू दिली नाही.

कापल्यावर शेवटची परीक्षा जिभेची. वडीला जीभ टेकवायची. कॉस्टिक जास्त झालं असेल तर जीभ अशी झोंबते, जसं बॅटरीचं टोक लावावं. झोंबली तर अख्खी लादी बाद. मग राहिलेल्या वड्या दीड महिना फळीवर मुरायला. इतक्या वर्षांत एकही झोंबणारी वडी आमच्या दारातून बाहेर गेली नव्हती. तिचा सगळा माज त्या जिभेवर उभा होता, आणि खरं सांगायचं तर माझाही.

मग समोरच्या गाळ्यात अत्तरवाला आला. आधी बाजारात अत्तराच्या बाटल्या विकायचा, म्हणून अत्तरवाला. माणूस तसा गरीब, गोड बोलणारा. पण त्याने आल्या आल्या आमच्यासारखाच साबण सुरू केला. तोच पिवळट रंग, तोच आकार, वर तसलाच खाकी कागद. तो मागच्या मोरीत करायचा आणि सुरीने कापायचा, एवढाच फरक. वन्संच्या अंगाचा तिळपापड झाला. रोज सकाळी खिडकीत उभी राहून ती त्याचा उद्धार करायची आणि तो बिचारा हात जोडायचा. त्याने ती आणखीच पेटायची.

एक दिवस ती साबण करायला बसली होती. कॉस्टिकचं पाणी तेलात पडलेलं, ढवळणं चालू. छोट्या साच्यासाठीचं कॉस्टिकचं पाणी वेगळ्या वाडग्यात शेजारी निवत ठेवलेलं. तेवढ्यात तिने खिडकीतून पाहिलं, तर अत्तरवाला दारावर पाटी ठोकत होता: 'अस्सल घरगुती साबण. नकलेपासून सावध राहा.'

चोराच्या उलट्या बोंबा! मला राग आला होता, पण वन्सं तर हातातल्या दांड्यासकट गल्लीत. पहिला फटका पाटीवर, दुसरा त्याच्या खांद्यावर. तिसऱ्याने फळीवरच्या अत्तराच्या बाटल्या फुटल्या आणि गल्लीभर असा वास सुटला की भांडण बघायला आलेले नाक धरून उभे राहिले. तो खाली पडला, तरी ही मारत होती. मी मागून कमरेला मिठी मारून ओढत होते, माझ्याही कोपरावर एक बसला. शेवटी त्याने स्वतःला वाचवायला हातातली हातोडी आंधळेपणाने फिरवली. हातोडीचा दांडा वन्संच्या हनुवटीखाली लागला. खालचे दात खटकन वर आले आणि मध्ये जीभ होती.

एवढं रक्त मी तोंडातून आलेलं कधी पाहिलं नव्हतं. घरी येऊन ती मोरीत थुंकत राहिली. मी डॉक्टर म्हटलं, तर तिने मला हाताने ढकललं आणि पुन्हा साबणापाशी बसली. आणि त्या रागात, कॉस्टिकचं पाणी अजून घालायचंय असं वाटून, तिने शेजारचा वाडगाही त्याच पातेल्यात उपडा केला. हे मला तेव्हा दिसलं नाही, तिलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने लादी कापली. कडा जरा ठिसूळ होत्या. तिने वडीला जीभ लावली आणि डोळ्यांत पाणी आलं. पण तेव्हा तिला साधं पाणीही झोंबत होतं. जीभ सुजून कानशिलापर्यंत ठणकत होती. तिला वाटलं, जखम झोंबतेय. वड्या फळीवर गेल्या. मुरल्या. जीभ बरी झाली. मी त्या वड्या कागदात गुंडाळून विकल्या.

मग एका सकाळी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीच्या किंकाळ्यांनी गल्ली जागी झाली. तिची चार वर्षांची पोरगी. नवा साबण म्हणून आईने तोंड चोळून चोळून धुतलं होतं. गालाची कातडी निघून लाल मांस दिसत होतं, एक डोळा सुजून मिटला होता. डोळा वाचला, पण ते पुढे. तेव्हा पोर श्वास कोंडेपर्यंत रडत होतं आणि कुणीतरी गालावर टूथपेस्ट फासली होती. एका हातात पोर, दुसऱ्या हातात साबण घेऊन इस्त्रीवाली आमच्या दारात आली. तिच्यामागे अर्धी गल्ली.

"कुणाचा आहे हा? सांग! माझ्या सासूने आणला, कागद फेकला, तिला आठवत नाही. तुझा की त्याचा?"

वन्संनी साबण हातातही घेतला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. "माझा? माझ्या साबणाने कधी कुणाला पुळी आली नाही. त्याचाच! मी सांगत होते की नाही?"

आणि दांडा घेऊन तीच सगळ्यांच्या पुढे निघाली. किती दिवस या दिवसाची वाट बघत होती! तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, मी पाहिलाय. अत्तरवाला नुकता शटर वर करत होता. पहिला फटका तिचाच, गुडघ्याच्या मागे. तो वाकला आणि मग लोक तुटून पडले. कालपर्यंत त्याच्याकडून साबण उधार नेणारेही लाथा घालत होते. कुणी त्याचं डोकं शटरवर आपटलं. एका दातासकट रक्ताची गुळणी त्याच्या शर्टावर पडली. "माझा नाही हो, बघा तरी!" एवढंच तो म्हणत होता. बघायला कुणाला वेळ होता!

"थांबा, दाखवते सगळ्यांना," वन्सं ओरडली. तिने इस्त्रीवालीच्या हातातला साबण ओढून घेतला, वर धरला आणि सगळ्यांदेखत जीभ लावली. झोंबणारच होती. तिने तोंड कसनुसं केलं, लोकांनी आरोळी ठोकली. तेवढ्यात मला दिसलं की तिचा अंगठा वडीच्या कडेवर थांबलाय. तो एकदा पुढे गेला, मागे आला. मग तिने वडी डोळ्यांजवळ नेली. मीही पाहिलं. बारीकशी शेपटी होती.

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. गप्प बसा, असं सांगितलं मी तिला डोळ्यांनी. लाज कशाला वाटायची? समोर जमावाचे हात रक्ताने भरले होते आणि ती माझी नणंद होती.

एवढ्यात गाळ्याच्या आतून दोघे बाहेर आले. एकाच्या हातात प्लास्टिकचा मग होता, अत्तरवाल्याने शटर उघडण्याआधी मोरीत साबणासाठी नुकत्याच कालवलेल्या कॉस्टिकच्या पाण्याने भरलेला. मगातून वाफ निघत होती. "पोरीचं तोंड भाजलं ना? याचंही भाजू दे! डोळे उघडून धरा रे!" चौघांनी त्याला पाठीवर पाडलं. एक जण छातीवर बसला. एकाने त्याच्या पापण्या बोटांनी ताणून धरल्या. अत्तरवाला ओरडायचाही थांबला होता. त्याच्या घशातून नुसता घुर्र आवाज येत होता.

"तो साबण माझा आहे!" वन्सं म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. ती पुन्हा म्हणाली. मगवाला वाकला. मग तिने दांडा उचलला आणि त्याच्या मनगटावर असा घातला की हाड मोडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. त्याच्या हातातला मग उडाला. अर्धं पाणी रस्त्यावर, अर्धं तिच्या उजव्या पायावर. चपलेचा पट्टा चरचरला. तिने पाय हलवला नाही.

"बहिऱ्यांनो, साबण माझा आहे! हा सुरीने कापतो, मी दोऱ्याने. ही बघा कड. माझ्या हातून कॉस्टिक जास्त पडलंय. सोडा त्याला!"

छातीवर बसलेला माणूस उठला आणि विजारीला हात पुसायला लागला. इस्त्रीवालीने पोर कुणाच्या तरी हातात दिलं. ती दिवसभर कोळशाची इस्त्री फिरवणारी बाई, तिचे हात काय सांगू! पहिल्या थपडेने वन्संचा ओठ फुटला. दुसरी कानावर बसली. तिसऱ्यांदा तिने केस धरून डोकं खाली ओढलं आणि पाठीत बुक्क्या घातल्या. "माझी लेक! माझी लेक!" प्रत्येक बुक्कीला एवढंच. बाकीच्यांनाही मोकळं रान मिळालं. ज्याला ज्याला तिने आयुष्यात मारलं होतं, तो तो पुढे आला. टपालवालाही होता, मेला.

आणि वन्संनी दांडा खाली टाकला. स्वतः टाकला. ज्या बाईने कधी कुणाचा मार मुकाट सोसला नाही, ती दोन्ही हात लोंबते सोडून मार खात उभी राहिली. मी मध्ये घुसले, ओरबाडलं, एकाच्या हाताला कडकडून चावले. मी सोळा आणे भित्री, माझं मलाच आश्चर्य वाटलं. मला ती आवडायची, हे मला त्या गर्दीत, तोंडात परक्या माणसाची कातडी असताना कळलं.

हळूहळू लोक दमले. कुणी अत्तरवाल्याला उठवून शटरला टेकवून बसवलं. मी त्याच्या मोरीतून पाण्याची बादली ओढत आणली. त्या दिवशी गल्लीत नळाला पाणी आलं नव्हतं, आमचं पिंपही कोरडं, जे होतं ते एवढंच. वन्सं पायरीवर बसली होती. मी तिची चप्पल ओढली, तर पट्ट्याला चिकटून कातडी आली. मी तांब्याने पायावर पाणी ओतायला सुरुवात केली. ती दात खाऊन बसली.

इस्त्रीवाली तिथेच उभी होती. धापा टाकत, केस सुटलेले, हाताला वन्संचं रक्त. पोर पुन्हा तिच्या कडेवर होतं आणि आता रडून रडून फक्त हुंदके देत होतं. इस्त्रीवालीने पोराच्या गालाकडे बघितलं, मग वन्संकडे. आणि आवाज एकदम खाली आणून विचारलं,

"आत्या, आता काय लावू हिला?"

गल्लीत इतकी वर्षं कुणाला काही झालं की हाच प्रश्न याच बाईला विचारत आले होते सगळे. वन्संचा ओठ सुजून बोलणं नीट होत नव्हतं. तिने थुंकून तोंड मोकळं केलं.

"काही लावू नकोस गं. ती टूथपेस्ट काढ. नुसतं पाणी ओत, डोळा उघडून, चोळायचं नाही. आणि ओतत ओतत डॉक्टरकडे ने."

"पाणी कुठंय?"

मी बादलीकडे बघितलं. निम्मी उरली होती. माझा हात तांब्यावरून सुटेना.

"दे तिला," वन्सं म्हणाली आणि तिने आपला पाय तांब्याखालून काढून घेतला.