आबांच्या बंबासाठी मोटर

भाऊ गेला आणि बंबासाठी लाकडं फोडायचं काम आबांनी पुन्हा हाती घेतलं. वय ऐंशीच्या पुढे, कमरेत वाक. कुऱ्हाड वर गेली की मी पुस्तकातून मान काढायची आणि ती खाली येईपर्यंत श्वास धरून बसायची. गिझर बसवू म्हटलं तर, "माले बंबनंच पाणी लागस."

गोठ्यात भावानं अर्धवट सोडलेलं लाकडं फोडायचं यंत्र होतं. कडबा कुट्टीचं जुनं जड चाक, त्याच्या दांड्यावर लाकडात पेच घेत शिरणारा लोखंडी शंकू. मोटर तेवढी राहिली होती. ती मी बसवायचं ठरवलं.

आबांनी बाभळीचा एक गाठाळ ओंडका समोर आणून टाकला. भावालाही तो फुटला नव्हता.

"हाई फुटनं तं कुऱ्हाड तुले देसू."

आतेभाऊ म्हणाला, "अक्का, विहिरीवरली मोटर लई येसूत. तीन फेज नसनात तं कपॅसिटर टाकी दोनवर चालाडसूत. बठ्ठं गाव चालाडस."

भावानंही विहिरीवरची मोटर तशीच कपॅसिटर टाकून दोन फेजवर चालवली होती, आणि दोनदा तिचं वाइंडिंग जाळून घेतलं होतं. शिवाय तीन फेज शेतात, तेही पाळीनं, घरात एकच. मी माहितीपत्रकं आणून सावकाश वाचली. कुट्टी जर दोन हॉर्सपॉवरच्या सिंगल फेज मोटरवर चालते, तर हेही चालेल. मोटरनं फक्त चाक फिरतं ठेवायचं. लाकडाला झटका चाकाचं वजन देईल. धुळ्याहून तशी मोटर आणली.

बटण दाबलं. मोटर घुमली, घरातला दिवा मंदावला, चाक जागचं हललं नाही.

"माय, तुन्ही मोटर नुसती गुरगुरस, चावत नही!" आबा ओट्यावरून हसले. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच. पण उठताना हात कुऱ्हाडीकडे गेला.

मी पुन्हा वाचत बसले. गोठ्यापर्यंतची वायर लांब आणि बारीक होती. सुरू होताना मोटर जास्त ओढते, तेवढी वीज तिथवर पोचतच नव्हती. वायरमनकडून मीटरपासून वेगळी जाड वायर टाकून घेतली. मोटरवरून चाकाला जाणारा पट्टा सैल करायचा दांडा आतेभावानं बसवून दिला, म्हणजे मोटर आधी मोकळी फिरेल आणि मग चाक ओढेल.

या वेळी दिवा मंदावला नाही. पट्टा हळूहळू ताणला. चाक जड आवाजात फिरू लागलं. मी ओढणी काढून ठेवली आणि ओंडका पुढे सरकवला. शंकू आत शिरला, गाठीशी क्षणभर अडखळला, आणि कडाड! दोन लाल फाका अंगणात पडल्या. आतेभावानं शिट्टी मारली. मी मोठ्यानं ओरडले, काय ते आठवत नाही.

आबांनी कुऱ्हाड आणून माझ्या पायाशी ठेवली आणि यंत्राकडे निघाले.

"आबा, धोतर घालून जवळ यायचं नाही. गुंडाळलं जाईल."

"धोतर सोडसू, पण मशीन मीच चालाडसू."

मला थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर उभे होते. भावाची खाकी पँट, कमरेला सुतळीनं आवळलेली, खाली दोन घड्या घातलेली.

"चालू कर, माय."

मी बटण दाबलं.