कांदेकाकांचे कपडे

कांदेकाकांना मी अकरा वर्षं दुर्बिणीतून बघितलं. समोरासमोर बसून माणूस जेवढा कळतो त्यापेक्षा लांबून जास्त कळतो, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. माझं काम जमिनीचे चढउतार मोजण्याचं. मी तिकाटण्यावरच्या यंत्राला डोळा लावून उभी राहायची आणि काका पन्नासेक मीटरवर आकडे लिहिलेली उंच पट्टी सरळ धरून उभे राहायचे. त्या पट्टीला आम्ही स्टाफ म्हणतो. भिंगात आधी आकडे दिसायचे आणि त्यांच्यामागे अर्धे काका.

कांदे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. सकाळी निघताना त्यांच्या अंगावर चार-पाच थर असत, ते दुपारपर्यंत एकेक करून उतरत, म्हणून ऑफिसात कुणीतरी हे नाव ठेवलं. काका कधी चिडले नाहीत. उलट विचारायचे, "कांद्याला सर्दी झालेली बघितलीय का कधी?"

पहिल्या वर्षी मी एकच जाडजूड कोट घालून गेले होते. चांगला महागातला होता, त्यामुळे जरा तोऱ्यातच होते. टेकाड चढेपर्यंत आतून घामाने भिजले, वर पोचून वाऱ्यात उभी राहिले आणि दात वाजायला लागले. काका बघत होते. दुपारी डबा खाताना म्हणाले, "बाई, तुम्ही अंगावर घर घालून आलात. घराला खिडक्या नकोत का?"

मग त्यांनी आपली रचना दाखवली. सगळ्यात आत पातळ बनियन, खोचलेलं. त्यावर सैल, पूर्ण बाह्यांचा शर्ट. मग पुढून उघडणारा स्वेटर, कारण डोक्यावरून काढायचा स्वेटर माणूस आळसाने काढतच नाही आणि घामाघूम होतो. सगळ्यांत वर पातळ पण वारा अडवणारं जाकीट. पाठीवरच्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कोरडं बनियन आणि मोजे. "निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे," ते म्हणायचे. "घरातून ऊबदार निघालेला माणूस रस्त्यात उकडतो." चालणाऱ्याचे कपडे वेगळे आणि एका जागी उभं राहणाऱ्याचे वेगळे, हे त्यांचं लाडकं मत. ते स्वतः दिवसातून शंभर वेळा चालायचे आणि शंभर वेळा उभे राहायचे, म्हणून त्यांचे हात सारखे बटणांवर. मला आधी हसू यायचं. पुढच्या पावसाळ्याच्या आत तो कोट मी बहिणीला देऊन टाकला.

गेल्या हिवाळ्यात काकांना न्यूमोनिया झाला. तीन आठवडे दवाखान्यात होते. परत आले तेव्हा ऑफिसने फर्मान काढलं: एक पूर्ण दिवस बाहेर काम करून दाखवायचं, मी अहवाल लिहायचा. जमलं तर बाहेरचं काम, नाही तर नकाशांच्या खोलीत बसायचं. घरी काकूंना नकाशांची खोलीच हवी होती. त्यांनी मला फोन करून तसं स्पष्ट सांगितलं. काकांना ती खोली नको होती. "तिथं सकाळ काय आणि दुपार काय, एकच," ते म्हणाले. "बाई, मी तिथं जिवंतपणी फाइल होईन." एरवी काही मागणारा माणूस नव्हे तो. मला तेव्हाच वाटलं, काहीही होवो, मी चांगलंच लिहिणार.

तो दिवस उजाडला तो कुंद. नऊनंतर ऊन पडलं, अकराला चटका बसायला लागला. काका ठरल्याप्रमाणे थर उतरवून पिशवीत टाकत गेले, आधी जाकीट, मग स्वेटर. स्टाफ खांबासारखा स्थिर होता. मला आनंद झाला आणि आनंदात मी घाई केली. जेवणानंतर शेवटचा लांब उतार राहिला होता. मी म्हटलं, "काका, पिशवी इथंच ठेवा ना यंत्रापाशी. उगाच ओझं कशाला? मी पुढे येताना आणते." त्यांनी पिशवीकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं आणि माझं ऐकलं. अकरा वर्षांत ती पिशवी त्यांनी पाठीवरून कधी उतरवली नव्हती. त्या दिवशी मात्र त्यांना माझ्याशी वाद घालायचा नव्हता.

आमच्या कामात एक गोष्ट फार जपावी लागते. मी यंत्र उचलून पुढे नेते तेव्हा स्टाफवाला जागचा हलत नाही. त्याच्या स्टाफखाली एक लोखंडी चकती असते. ती सरकली की मागचं सगळं मोजमाप तुटतं, दिवस पाण्यात. मी यंत्र आणि पिशवी घेऊन त्यांना वळसा घालून पुढे गेले, तिकाटणं रोवलं, आणि वारा उठला. पाठोपाठ आडवा पाऊस. मी यंत्रावर छत्री धरली आणि भिंगाला डोळा लावला. आकडे नाचत होते. मला वाटलं भिंगावर पाणी आहे. पुसलं. तरी नाचत होते.

मग मी आकड्यांच्या मागे बघितलं. काका नुसत्या शर्टावर कुडकुडत उभे होते आणि त्यांचे कपडे माझ्या पायाशी होते.

यंत्र तसंच सोडून मी पिशवी घेऊन धावले. "यंत्र सोडून आलात?" ते ओरडले. मी म्हटलं, "खड्ड्यात गेलं यंत्र!" स्टाफ मी धरला, चकतीवर नीट टेकवून. त्यांनी माझ्याकडे पाठ करून ओलं बनियन बदललं, स्वेटर चढवला, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. कानटोपीही घातली. मी परत जाऊन भिंगातून बघितलं. आता सगळं ठीक व्हायला हवं होतं.

आकडे नाचतच होते. पाऊस थांबला, वारा पडला, ऊन आलं, तरी नाचत होते. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण वीस मिनिटं तरी गेली असतील. मधल्या काळात मी उगीच स्क्रू फिरवत बसले, म्हणजे त्यांना वाटावं की उशीर माझ्यामुळे होतोय. शेवटी स्टाफ थांबला. आम्ही उरलेलं काम केलं, सुरुवातीच्या खुणेला परत येऊन मिळालो. फरक तीन मिलिमीटर, म्हणजे काम उत्तम.

गाडीत बसल्यावर मी अहवालाचा कागद काढला. प्रश्न एकच होता: दिवसभर उघड्यावर काम करण्यास योग्य आहेत का? मी म्हटलं, "चूक माझी होती. पिशवी मी ठेवायला लावली. हो लिहिते."

काका हातरुमालाने चष्मा पुसत होते. "पिशवी नव्हती तेव्हाचं सोडा," ते म्हणाले. "पिशवी आल्यानंतर तुम्ही काय बघितलं?"

"काही नाही."

"तुम्ही स्क्रू फिरवत होतात. अकरा वर्षांत तुम्हाला एवढे स्क्रू फिरवावे लागले नाहीत." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "अंगावर सगळं होतं, बाई. स्वेटर होता, जाकीट होतं, कोरडं बनियन होतं. ऊब आतूनच येईना. आता घालायला काही उरलं नाही."

खोटं लिहायची माझी पूर्ण तयारी होती, आणि ज्याच्यासाठी लिहायचं तोच ते लिहू देईना. मी 'नाही' लिहिलं. खाली त्यांची सही लागत होती, म्हणून कागद त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, मांडीवर डबा घेऊन त्याच्यावर ठेवला आणि सावकाश सही केली. मला रडू आवरेना. मी त्यांच्या हातातल्या कागदावर वाकून रडत होते.

काकांनी तो अलगद बाजूला ओढून घेतला. "अहो, भिजवू नका," ते म्हणाले. "पुन्हा सही करायला मला जमायचं नाही."