शटर उघडं दिसतंय

आमच्या सहकारनगरच्या बंगल्याला गॅरेज आहे, गॅरेजला शटर आहे, फक्त गाडी नाही. हे गेल्यावर गाडी विकून टाकली. आता तिथं कुंड्या, मातीची पोती, एक मोडका पलंग आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या सुखानं नांदतात. तरी ते शटर म्हणजे घरातली सगळ्यात मोठी काळजी होऊन बसलंय, कारण गॅरेजमधलं एक दार थेट स्वयंपाकघरात उघडतं. शटर उघडं म्हणजे घर उघडं, आणि घरात मी एकटी. हे वाक्य माझं नाही, माझ्या मुलाचं. तो अमेरिकेत असतो आणि तिथून हे ऐकवतो.

गेल्या दिवाळीत तो, सून आणि नात आले होते. तेव्हा शटर हातानं ओढायचं होतं. त्याच्या खालून पळत आत-बाहेर करायचा नातीला छंदच लागला. मी "अगं, लागेल" म्हणून ओरडायचे, ती तेवढंच ओरडून हसायची. खरं सांगू का, मला तिला थांबवायचंच नव्हतं. किती वर्षांनी घरात कुणीतरी आरडाओरडा करत होतं! मग एका दुपारी वरची स्प्रिंग तुटली आणि शटर धाडकन खाली आलं. पोरगी बाहेर निसटली होती, तिची चप्पल मात्र खाली सापडली. पार चपटी झाली होती. मुलगा पांढराफटक पडला. सून काहीच बोलली नाही, पण तिचं ते न बोलणं आम्हाला झोपेपर्यंत पुरलं.

दुसऱ्याच दिवशी मोटर बसवणारा हजर. नवं शटर, मोटर, रिमोट, दोन्ही बाजूंना सेन्सर. शिवाय शटर उघडलं की अमेरिकेत मुलाच्या फोनवर निरोप जाणार. मी म्हटलं, "शटर पुण्यात, राखण अमेरिकेतून. छान." मुलाला असली बोलणी कळत नाहीत असं नाही, पण तो ती अंगाला लावून घेत नाही. बापाच्या वळणावर गेलाय.

काम संपलं तोवर मंडळी विमानात बसली होती. त्यामुळे शिकवणी ऐकायला मी एकटीच. "काकू, रिमोट लहान मुलांच्या हाती द्यायचा नाही," मोटरवाला म्हणाला. "शटर हलत असताना खालून कुणी जायचं नाही. महिन्यातून एकदा खाली लाकूड ठेवून बघायचं. शटर त्याला टेकलं की आपोआप वर गेलं पाहिजे. नाही गेलं तर बटण बंद करून मला बोलवा. आणि काही अडकलं, तर साहेबांच्या फोनवर लगेच लाल निरोप जातो. फॅमिलीसाठी एकदम सेफ."

फॅमिली! मी मान डोलावली आणि रिमोट फ्रिजवर ठेवला, लहान मुलांच्या हाती लागू नये म्हणून.

ती मंडळी गेली की घर खायला उठतं. दरवर्षीचंच आहे, पण सवय काही होत नाही. कात्रजच्या दुधाची पिशवी पुन्हा एकच, तीही मला संपत नाही. मुलगा रविवारी फोन करतो. "बरी आहेस ना? गोळ्या घेतेस ना? काही लागलं तर सांग." माझं उत्तर व्हायच्या आत "चल, ठेवतो." मधल्या वारी मीच लावला तर फोन कापला जातो आणि 'नंतर करतो' असा तयार निरोप येतो. नंतर म्हणजे रविवारी.

अशात एका संध्याकाळी नर्सरीचा माणूस मातीची पोती घेऊन आला. मी शटर उघडलं, पोती आत घेतली आणि बंद करायचं विसरले. आत येऊन चहा टाकते न टाकते तो फोन. मुलगा! बुधवारी!

"आई, शटर उघडं दिसतंय."

"अगं बाई, राहिलंच की रे."

"कर बंद. मी थांबतो."

तो थांबला. मी सावकाश गेले, सावकाश बटण दाबलं. मग त्यानं विचारलं, "माती कशाला?" मी म्हटलं, "मोगऱ्याला." त्याला मोगरा आठवला. लहानपणी त्यानं कुंडी फोडली होती तीही आठवली. तिकडे सकाळ होती, नात शाळेला निघत होती, तीसुद्धा दोन शब्द बोलली. फोन ठेवला तेव्हा चहा उकळून उकळून काळा झाला होता. मी तो तसाच प्यायले आणि मला गोड लागला.

तुम्हाला कळलंच असेल पुढं काय झालं. मी आठवड्यातून एकदा शटर विसरायला लागले. मग दोनदा. संध्याकाळी वेणी-फणी करायची, केसांवर हात फिरवायचा, कुणी बघणार नसलं तरी, आणि शटर उघडून फोन घेऊन बसायचं. फोन यायचाच. "आई, शटर." "हो रे, बघ ना, हल्ली काही लक्षातच राहत नाही." एवढं झालं की पाच-दहा मिनिटं मुलगा माझा. घरात शिरायचा तर शिरू दे चोर, असं वाटायचं. चोराला बरण्याच मिळणार.

एका शुक्रवारी फोन आला नाही. मी गॅरेजमध्येच खुर्ची टाकून बसले होते. समोरून गाड्या जात होत्या. अचानक मोटर घरघरली आणि शटर आपलं आपणच खाली येऊन बंद झालं. मी अंधारात, कुंड्यांबरोबर. मागोमाग निरोप: 'आई, शटर थोड्या वेळानं आपोआप बंद होईल असं केलंय. तू विसरलीस तरी चालेल. आता नो टेन्शन.' शेवटी हसरा चेहरा.

माझं तोंड एवढंसं झालं. काळजीनंच केलं होतं पोरानं, चूक कुठं काढणार? पण मला इतका राग आला, की आत जाऊन दोन भांडी आपटली. पुढचे दोन रविवार मी तुटकच बोलले. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

मग एका संध्याकाळी मला आठवलं, की महिन्याची तपासणी बाकी आहे. हो, तपासणी! मी ह्यांचा जेवायचा पाट काढला, शटर उघडलं आणि पाट बरोबर मध्ये आडवा ठेवला. शटर आलं, पाटाला टेकलं, वर गेलं. पुन्हा आलं, पुन्हा वर. मग अर्ध्यात थांबून टूं टूं करायला लागलं. मी निवांत स्वयंपाकघरात येऊन बसले.

फोन वाजला. मी उचलला नाही. म्हटलं, वाजू दे थोडा, आम्हालाही भाव खाता येतो. बंद पडला, लगेच पुन्हा वाजला. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. मग मी उचलला.

"आई! आई, बोल! कुठं लागलंय? हलू नकोस, मी समोरच्या काकांना फोन लावतो, आई, बोल ना गं!"

तो रडत होता. चाळिशी उलटलेला माझा मुलगा, ऑफिसात कुठल्या तरी जिन्यात उभा राहून, धापा टाकत रडत होता. त्याच्या डोळ्यांसमोर मी शटरखाली होते.

"अरे, मी बरी आहे. काही झालं नाही मला. पाट आहे तो. मीच ठेवला होता."

"पाट? का?"

तपासणी म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण तो असा रडत असताना खोटं बोलवेना.

"तुझा फोन यावा म्हणून."



"मग फोन करायचास ना, आई," तो म्हणाला.

"करते की रे. तू कापतोस. शटरचा निरोप तेवढा लगेच बघतोस."

त्यानं नाक ओढलं. मागून कुणीतरी त्याला इंग्रजीत हाक मारली, तो "कमिंग" म्हणाला. मग अगदी हळू, लहानपणी चूक झाली की यायचा तसल्या आवाजात त्यानं मला विचारलं, "आई, ते आपोआप बंद होणं काढून टाकू का?"

माझ्या हुशार लेकाला एवढाच उपाय सुचला. आणि तो अगदी मनापासून विचारत होता.

"नको," मी म्हटलं, "असू दे. तू जा, तुझे लोक वाट बघतायत." आणि त्यानं 'ठेवतो' म्हणायच्या आत फोन मीच ठेवून दिला.