खुंटीवरच्या बंदुका

हर्णैच्या जहूर पारकरच्या बापाकडे रानडुकरांसाठी एक ठासणीची बंदूक होती आणि तिच्या परवान्यापायी म्हाताऱ्यानं जन्मभर कचेरीत जोडे झिजवले. चौसष्ट साली अरबी आखातातल्या रास अल खैमात आलेल्या जहूरला म्हणूनच हसू आलं. इथं मिसरूड फुटलेला गडी रायफल खांद्यावर टाकून फिरे आणि विचारणारा कोणी मायेचा पूत नव्हता. बंदूक हा पुरुषाचा हक्कच.

मात्र बाजारापुरती या हक्काला वेस होती. वाळवंटातून येणाऱ्यानं बंदूक बाजाराच्या तोंडाशी खोपटात ठेवायची आणि घरी निघतानाच परत घ्यायची, असं व्यापाऱ्यांनी ठरवलं होतं. राखणीला जहूर. परका माणूस, कुठल्याच टोळीचा नाही, म्हणून सगळ्यांचा त्याच्यावर भरवसा. गड्याला मात्र त्यांच्यातलाच एक व्हायची भारी हौस. त्यांची भाषा शिकला, कॉफी पाजायची रीतही शिकला.

एका सकाळी ओबैद नावाचा तरणा गडी बंदूक खुंटीला लावून तांदूळ घ्यायला आत गेला. मागोमाग म्हातारा सालेम आला. त्यानंही बंदूक ठेवली, पण आत जाऊन लगेच परतला. जहूरनं कॉफी पुढे केली. सालेमनं पेला न पिता जमिनीवर ठेवला.

पाहुण्यानं पेला खाली ठेवला की त्याचं काही मागणं असतं आणि यजमानानं ते आधी कबूल करायचं, ही रीत. आपल्याला ती ठाऊक आहे याचाच जहूरला अभिमान.

"पी चाचा, खलास, ठरलं. मागशील ते दिलं."

सालेमनं पेला रिकामा केला. "माझी बंदूक दे. आत लोहाराला दाखवायचीय."

नियम मोडत होता. पण दिलेला शब्द फिरवला तर हे लोक आपल्याला काय म्हणतील? त्यानं बंदूक काढून दिली. सालेमच्या आणि ओबैदच्या घरांत विहिरीवरून वैर होतं. सगळ्या वाळवंटाला ते माहीत होतं, एकट्या जहूरला नव्हतं.

बार ऐकून तो धावला. तांदळाच्या पोत्यांवर ओबैद पडला होता. दुकानदार हनीफ, जहूरच्याच गावचा, पोत्यांमागून बाहेर आला.

"पोराचा हात खांद्याकडं गेला रे जहूरभाय. तिथं काहीच नव्हतं."

पुढं ओबैदची आई बंदूक न्यायला आली. जहूरनं ती पुसून तिच्या हाती दिली आणि कॉफी पुढे केली. तिनं पेला जमिनीवर ठेवला.

"माग, अम्मा," तो रडत म्हणाला. "काहीही माग."

तिनं रिकाम्या खुंट्यांकडे पाहिलं. "दोघांच्या बंदुका तुझ्याकडेच होत्या ना? मग एकालाच का दिलीस?"

बंदूक घेऊन ती निघून गेली. पेला तिथंच राहिला, भरलेला.