गावाचं घर कुठं हाय?

१९७३ च्या मे महिन्यात, शिरूर तालुक्यातल्या भीमेकाठच्या एका गावात, सार्वजनिक विहिरीवर बौद्ध वस्तीतल्या बायकांच्या घागरी फोडण्यात आल्या. वेळ सकाळची होती. विहिरीवर गर्दी होती. घागरी फोडताना कुणालाही पाहिलं नाही, असं गर्दीतल्या प्रत्येकाने पोलिसांना सांगितलं.

त्या बायकांना विहिरीवर घेऊन गेलेले गृहस्थ त्याच वस्तीतले, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांची एक सवय होती. समोरचा माणूस ‘गाव ऐकत नाही’ म्हणाला की ते टोपी काढून काखेत धरायचे आणि पाहुण्याची वाट बघावी तसे रस्त्याकडे बघायचे. मग शांतपणे विचारायचे, “गावाचं घर कुठं हाय? चला, जाऊन बोलू त्याच्याशी.”

मी इथं गावाचं नाव लिहीत नाही. हे त्यांना आवडलं नसतं.

मी तेव्हा शिरूरला एका दैनिकाचा वार्ताहर होतो. त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते त्याआधी, ते नोकरीत असताना, दौंड स्टेशनात. वाफेच्या इंजिनांना पाणी भरायचा खांब असायचा. त्याची लोखंडी सोंड इंजिनावर वळवायची आणि टाकी भरायची, हे त्यांचं काम. “समद्या लायनीला माझ्या हातचं पाणी चालतं,” ते म्हणायचे, “आमच्या गावाला तेवढं चालत न्हाई.” हे सांगताना ते हसायचे. निवृत्तीनंतर हसणं कमी झालं.

रेल्वेतली एक गोष्ट त्यांच्या अंगात भिनली होती. तिथं डबा घसरला की चौकशी बसते, आणि चौकशी कुणाच्या तरी नावावर संपते. डबा आपोआप घसरला, असं लिहून चालत नाही. एकदा त्यांच्याच हातून खांबाचा व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि फलाटावर पाणीच पाणी झालं. साहेबाने विचारायच्या आत हे समोर जाऊन उभे राहिले. त्यांची पगारवाढ थांबली. ही हकीकत ते बक्षिसासारखी सांगत.

गावी परतल्यावर त्यांनी आधी आपल्या माणसांनाच फैलावर घेतलं. दारू पिऊन आलेल्याच्या दारात जाऊन उभे राहायचे. शाळा बुडवणाऱ्या पोराच्या बापाला चारचौघांत विचारायचे. कुणी म्हणालं की आप्पा, गावच आपल्याला वर येऊ देत नाही, तर भडकायचे. “बाटली गावानं तोंडात वतली व्हय?”

गावच्या पुढाऱ्यांना हे फार आवडे. सरपंच तर भाषणात त्यांचा दाखला द्यायचे. स्वच्छ राहावं, शिकावं, व्यसन सोडावं. ज्याची त्याची उन्नती त्याच्याच हातात असते. तुम्हीही अशी भाषणं ऐकली असतील. या माणसाने ते सगळं करून दाखवलं होतं. कपडे इस्त्रीचे, अंगण सारवलेलं, दोन्ही मुलं शिकून नोकरीला. विहीर मात्र होती तिथंच होती. तिच्यावर ‘सार्वजनिक’ असा सरकारी रंगात लिहिलेला शब्द होता. वस्तीतल्या बायका पायऱ्यांखाली रिकाम्या घागरी मांडून बसत आणि वरच्या कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जाई. नाहीतर त्या नदीच्या वाळूत झरे खोदत.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात झरे आटले. विहिरीला पाणी होतं.

मामलेदार पाहणीला आले तेव्हा त्यांनी समजूत घातली की कायदा आहेच, पण समाज बदलायला वेळ लागतो. यांनी टोपी काढली. “साहेब, समाजाची ड्युटी कितीला सुरू व्हती? मी तिथं जाऊन थांबतो.” मामलेदार हसले आणि जीपमध्ये बसून गेले.

मग त्यांनी घरोघर जायचं ठरवलं. मी बातमीसाठी बरोबर होतो. प्रत्येक उंबऱ्याबाहेर उभं राहून ते एकच विचारत : वस्तीनं विहिरीवर पाणी भरलं, तर तुमची हरकत आहे का?

सरपंच वयाने त्यांच्या मुलाएवढे होते. ओट्यावरून म्हणाले, “माझं काय न्हाई रे. हाटेलात मी कुणाच्याबी शेजारी बसतो. पण गाव हाय.”

“तुमची हरकत न्हाई, एवढंच ऐकायचं व्हतं,” हे म्हणाले आणि पुढच्या घरी गेले.

एका म्हाताऱ्या धनगराकडे आम्ही थोडं बसलो. त्याची मेंढरं विकून झाली होती, आता शेती होती. मेंढरांनी आपल्या मुलुखभरचं पाणी पिलं, आपण कुणाला कशाला अडवू, असं तो म्हणाला. “पर एकट्यानं कसं बोलायचं?”

“आबा, अडवायचं ठरलं तवा कोण एकटं बोललं व्हतं?”

म्हातारा उठून आत गेला. बाहेर आला नाही.

सगळी घरं झाली. एकाही घराची हरकत नव्हती. त्यांनी ते खरं मानलं. रेल्वेत ‘लाईन मोकळी’ म्हणजे लाईन मोकळी असते. तीच चूक झाली.

दुसऱ्या सकाळी, मी शिरूरहून पोचायच्या आधीच, पहिली बादली त्यांच्या पत्नीने सोडली. एक घागर भरली. त्यानंतरच्या फुटल्या. पत्नीच्या मनगटावर काठी बसली; तो हात पुढं कधी नीट वळला नाही.

चौकीत हवालदाराने विचारलं, मारलं कुणी? त्यांनी मारणाऱ्यांची नावं सांगितली आणि तिथं न थांबता बघणाऱ्यांची सांगू लागले.

“बघणाऱ्यांची कशाला, आप्पा?”

“त्यांच्याच दारात जाऊन इचारलं व्हतं मी. आन् समद्यांच्या आधी माझं लिव्हा. लाईन मोकळी हाय असं बायकांना मीच सांगितलं.”

हवालदाराने लिहायचं थांबवलं.

साक्षीदार मिळाला नाही. प्रकरण मिटलं. मी नावांसह पाठवलेली बातमी ‘पाण्यावरून दोन गटांत वाद’ या मथळ्याखाली, नावांशिवाय छापून आली. ते न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीने शिरूरला आले, अंक माझ्या टेबलावर ठेवला. “दोन गट बराबर हायत. एकाकडं इहीर व्हती, एकाकडं घागरी.”

त्याच आठवड्यात सरपंचांनी मला समजावलं होतं की हे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, त्यात आजच्या एखाद्या माणसाला दोष कसा देणार? मी हे आप्पांना सांगितलं. त्यांनी टोपीची घडी सारखी केली.

“आमच्यातलं प्वार नापास झालं, तर त्याची चूक. माणूस प्याला, तर त्याची चूक. आन् ह्यांनी बाईच्या हातावर काठी घातली, तर ती समाजाची व्हय? आम्ही तेवढे एकेकटे, आन् हे समदे मिळून कोणीच न्हाईत?”

आवाज चढला नव्हता. अंक तिथंच ठेवून ते गेले.

पुढच्या वर्षी सरकारने वस्तीला वेगळी विहीर खोदून दिली. उद्घाटन सरपंचांनी केलं. हे गेले नाहीत. ते रोज सकाळी एक घागर घेऊन जुन्याच विहिरीवर जायचे. त्यांना कुणी अडवत नसे. बायका बाजूला होत. ते समोर दिसणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारून विचारत, “आज तुमची हरकत हाय का?” हरकत नसे. घागर भरून ते वळले की विहिरीतून काही बादल्या काढून जमिनीवर ओतल्या जात. मग गाव पाणी भरायला लागे. हे मी स्वतः पाहिलं आहे.

१९७८ च्या हिवाळ्यात ते दौंडला, मुलाच्या घरी वारले. गावच्या शाळेत शोकसभा झाली. गावाने एक आदर्श माणूस गमावला, असं सरपंच म्हणाले. वस्तीतली माणसं आली होती. त्यांच्या पत्नी पुढच्या रांगेत बसल्या होत्या, वाकडा हात पदराखाली घेऊन.

पिण्याच्या पाण्याचे माठ दोन होते. एक टेबलाजवळ, एक दाराबाहेर. ते तसे कुणी ठेवले, हे मी सभेनंतर सरपंचांना विचारलं, हेडमास्तरांना विचारलं, शिपायाला विचारलं. आपण ठेवले नाहीत, असं तिघांनीही सांगितलं.